खंड पाचवा, परिशिष्ट, पान एक

कलकत्त्याच्या खिदिरपूर भागात सरकारी गोदी होती आणि गोदीच्या मधून सार्वजनिक रस्ता जात असे. पेनिन्सुलर अँड ओरिएंटल या बोट कंपनीचा एक नोकर दोन घोड्यांच्या गाडीतून या रस्त्याने निघाला होता. पुढे गोदीतले मजूर आगबोटीच्या धुराड्याचा जड लोखंडी भाग उचलून भर रस्त्यातून नेत होते. गाडीवानाने आरोळी दिली. मजूर गडबडले, लोखंड हातातून सुटून दणकन खाली आदळले, घोडे बिथरले आणि त्यातला एक त्या लोखंडावरच पडून जखमी झाला. कंपनीने नुकसानभरपाई मागितली ती साडेतीनशे रुपये.

रक्कम किरकोळ, पण प्रतिवादी बडा. दावा होता इंग्लंडातल्या भारतमंत्र्यावर, म्हणजे थेट सरकारवर. १८५८ साली ईस्ट इंडिया कंपनीचे राज्य संपून राणीचे सुरू झाले होते, आणि राजाच्या हातून चूक होतच नाही असे इंग्रजी कायदा मानत आला होता. मग सरकारी मजुरांच्या निष्काळजीपणाचे पैसे सरकारकडून मागता येतात का? १८६१ मध्ये कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती सर बार्न्स पीकॉक यांनी उत्तर दिले ते दुहेरी. ईस्ट इंडिया कंपनी राज्यही करत होती आणि धंदाही. धंदेवाल्याच्या नात्याने चाललेल्या कामात तिच्या नोकरांनी कुणाचे नुकसान केले असते, तर तिला भरून द्यावे लागले असते. म्हणून तिच्या जागी आलेल्या सरकारलाही द्यावे लागेल. राज्यकर्त्याच्या अधिकारात केलेल्या कृत्यांची गोष्ट मात्र वेगळी. गोदी चालवणे हे राज्य करणे नव्हे, त्यामुळे बोट कंपनी जिंकली.

हा निकाल पाहायचा तर तो शोधावा लागतो मुंबईच्या पुस्तकात. कलकत्त्याच्या एका रिपोर्टातही तो आहे, पण सगळीकडे दाखला दिला जातो तो ‘पाच बॉम्बे हायकोर्ट रिपोर्ट्स, अपेंडिक्स, पान एक’ असाच. एका घोड्याच्या दुखापतीवरून झालेला, दुसऱ्या शहरातला निकाल कुणीतरी पाचव्या खंडाच्या परिशिष्टात छापला, आणि पुढची शंभर वर्षे सरकारवर दावा लावणारा प्रत्येक वकील त्या पानापाशी येऊन थांबला.

अपकृत्यांच्या कायद्याचा, म्हणजे कोर्टात ज्याला सरसकट टॉर्ट म्हणतात त्याचा, भारतातला सगळा इतिहास असाच पानांवर अवलंबून आहे. गुन्ह्यांसाठी १८६० ची दंडसंहिता आली, करारांसाठी १८७२ चा कायदा आला. शेजाऱ्याच्या भट्टीचा धूर घरात येणे, वर्तमानपत्रात बदनामी होणे, पालिकेची इमारत अंगावर कोसळणे, डॉक्टरच्या हलगर्जीने पाय जाणे या सगळ्यांना सामावणारी संहिता मात्र झालीच नाही. प्रयत्न झाला होता. इंग्लंडातले नामवंत कायदेपंडित सर फ्रेडरिक पोलॉक यांनी भारत सरकारसाठी दिवाणी अपकृत्यांच्या विधेयकाचा मसुदा १८८६ मध्ये तयार केला. तो कायदा झाला नाही. पोलॉक यांच्या टॉर्टवरील ग्रंथाला जोडून तो छापला गेला आणि तिथेच राहिला.

संहिता नाही तर न्यायाधीश निकाल कशावर देत होते? मुंबई इलाख्यापुरते उत्तर गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळातल्या १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनमध्ये सापडते. त्याच्या सव्विसाव्या कलमाने उतरंडच लावून दिली: आधी पार्लमेंटचे कायदे आणि सरकारी रेग्युलेशने, ती नसतील तर मुलखाची वहिवाट, तीही नसेल तर प्रतिवादीचा कायदा, आणि यातले काहीच नसेल तर न्याय, समता आणि सद्सद्विवेक. ऐकायला उदात्त असलेला हा शेवटचा शब्दसमूह व्यवहारात काय होता, हे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील कोर्टाने, १८८७ मध्ये सांगून टाकले: भारतीय समाजाला आणि परिस्थितीला लागू पडतील तिथवर इंग्लंडच्या कायद्याचे नियम. मुन्सफ कोर्टातला सद्सद्विवेक त्यामुळे बोटीने येणाऱ्या पुस्तकांतून यायचा. पुस्तक ज्याच्या कपाटात, त्याची बाजू भक्कम.

इंग्लंडची ती पुस्तकेही एका दिवसात झाली नव्हती. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १५३५ पर्यंत तिथे ‘इयर बुक्स’ लिहिली गेली, तीही कोर्टाच्या खास फ्रेंच बोलीत. १४१० च्या नोंदीत ग्लॉस्टरच्या शाळामास्तरांचा खटला आहे. गावात दुसऱ्या मास्तरने नवी शाळा काढली आणि स्पर्धेमुळे जुन्या मास्तरांना चाळीस पेन्सची फी बारा पेन्सवर आणावी लागली. कोर्टाने भरपाई नाकारली: नुकसान झाले खरे, पण कुणाचा हक्क मोडला नाही. पुण्याच्या पेठांत एकासमोर एक क्लास काढणाऱ्यांना हा निकाल पटकन समजेल. टॉर्टच्या पहिल्या धड्यात तो आजही असतो, आणि त्याच्या शेजारीच १७०३ चा ॲशबी विरुद्ध व्हाइट, जिथे गोष्ट उलटी होती. मतदाराला मत देऊ दिले नाही. त्याचा उमेदवार तरीही निवडून आला, म्हणजे नुकसान शून्य. पण हक्क मोडला म्हणून दावा मान्य झाला. हक्क, त्याचा भंग आणि भंगातून झालेली इजा यांचा हिशेब मांडणे, हा या कायद्याचा गाभा. निष्काळजीपणाच्या दाव्यात हाच हिशेब थोडा बदलतो: काळजी घेण्याचे कर्तव्य होते का, ते पाळले नाही का आणि त्यामुळेच नुकसान झाले का.

मुंबईत निकाल छापण्याची सवय हळूहळू लागली. मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले सर अर्स्किन पेरी यांनी ‘ओरिएंटल केसेस’ हा संग्रह १८५३ मध्ये काढला. पण सामान्य मुंबईकराला खटला कळायचा तो वर्तमानपत्रांतून. १८६२ च्या सुरुवातीला शहरात दुसरा विषय नव्हता. समाजसुधारक करसनदास मुळजी यांनी ‘सत्यप्रकाश’ या गुजराती पत्रात वल्लभ संप्रदायाच्या महाराजांच्या वर्तनावर लिहिले होते, आणि जदुनाथजी महाराजांनी त्यांच्यावर पन्नास हजार रुपयांच्या अब्रुनुकसानीचा दावा लावला होता. साक्षीदारांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. सर मॅथ्यू सॉस आणि सर जोसेफ आर्नोल्ड या न्यायमूर्तींनी एप्रिलमध्ये मुख्य मुद्द्यावर करसनदासांच्या बाजूने निकाल दिला: लिहिलेले खरे असल्याचे शाबीत झाले होते, आणि बदनामीच्या दिवाणी दाव्यात खरेपणा हा पुरा बचाव असतो. खटल्याचा वृत्तान्त त्याच वर्षी बॉम्बे गॅझेट प्रेसने पुस्तकरूपाने छापला. कायद्याची नजीर म्हणून आणि गावगप्पांचा ऐवज म्हणूनही ते पुस्तक वाचले गेले असणार.

त्याच वर्षी, १४ ऑगस्ट १८६२ रोजी, मुंबई हायकोर्ट सुरू झाले आणि त्याच्याबरोबर ‘बॉम्बे हायकोर्ट रिपोर्ट्स’. १८७५ पर्यंत त्यांचे बारा खंड निघाले. मग सरकारने सूत्रे हाती घेतली. १८७५ च्या इंडियन लॉ रिपोर्ट्स ॲक्टने ठरवले की सरकारी परवानगीने छापलेल्या रिपोर्टाखेरीज दुसऱ्या कुठल्या रिपोर्टातला हायकोर्टाचा निकाल ऐकून घेण्याचे बंधन कोर्टावर नाही. १८७६ पासून कलकत्ता, मद्रास, मुंबई आणि अलाहाबाद अशा चार मालिका निघू लागल्या. वकिलांच्या भाषेत आयएलआर.

सरकारी काम म्हणजे सावकाश काम. निकाल आज लागला आणि छापून हातात आला तोवर अशील दुसऱ्या वकिलाकडे गेला, अशी स्थिती परवडणारी नव्हती. खासगी रिपोर्ट या फटीतून शिरले. १८९९ मध्ये मुंबईत रतनलाल रणछोडदास आणि धीरजलाल केशवलाल ठाकोर यांनी ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’ सुरू केला. त्याच्या दोन वर्षे आधी, १८९७ मध्ये, याच जोडीने इंग्रजी आणि भारतीय टॉर्ट कायद्यावर पुस्तक लिहिले होते. पोलॉकचे विधेयक जिथे पोहोचले नाही तिथे हे पुस्तक पोहोचले. नवनव्या संपादकांच्या हातून त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या, आणि विधी महाविद्यालयातली मुले आजही टॉर्टचे पुस्तक म्हणत नाहीत, ‘रतनलाल-धीरजलाल आणलंस का?’ असे विचारतात. संहिता नसलेल्या विषयात विद्यार्थ्यांच्या चार पिढ्यांची संहिता हीच होती, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

दुसरे मोठे नाव नागपूरचे. व्ही. व्ही. चितळे यांनी १९२२ मध्ये ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ ही संस्था काढली. तोवर चार हायकोर्टांचे निकाल पाहायचे तर चार मालिका विकत घ्याव्या लागत, आणि प्रिव्ही कौन्सिलचे वेगळे. चितळ्यांनी सगळ्या कोर्टांचे निकाल एका छत्राखाली आणले आणि मागे जाऊन १९१४ पासूनचेही छापले. दाखला देण्याची त्यांची पद्धत सोपी होती: मालिकेचे नाव, वर्ष, कोर्ट, पान. गोंदियापासून कन्याकुमारीपर्यंतच्या वकिलाला ‘एआयआर १९६५ एससी १०३९’ एवढे सांगितले की तो उठून नेमक्या कपाटापाशी जातो. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होते, मोठ्या हायकोर्टांपैकी एकही तिथे नव्हते. तरीही देशभरातले निकाल तिथून छापले जात होते.

कुठल्या कोर्टात दावा लावायचा आणि तिथला कायदा काय, याचा फटका किती बसू शकतो हे लोकमान्य टिळकांच्या चिरोल प्रकरणात दिसले. व्हॅलेंटाइन चिरोल या पत्रकाराच्या ‘इंडियन अनरेस्ट’ या १९१० च्या पुस्तकात टिळकांचा संबंध राजकीय खुनांशी जोडला होता. टिळकांनी लंडनमध्ये चिरोल आणि प्रकाशक मॅकमिलन यांच्यावर बदनामीचा दिवाणी दावा लावला. टिळकांकडून सर जॉन सायमन, चिरोलकडून सर एडवर्ड कार्सन, न्यायासनावर न्यायमूर्ती डार्लिंग, आणि निकाल देणारी इंग्रज ज्युरी. जानेवारी १९१९ च्या अखेरीस खटला सुरू झाला आणि फेब्रुवारीत टिळक हरले, खर्चाचा बोजा अंगावर घेऊन. टिळक स्वतः कायद्याचे शिक्षक होते, पुण्यात त्यांनी कायद्याचे वर्ग चालवले होते. पण बदनामीच्या दाव्यात वादीची आजवरची सगळी प्रतिमा उलटतपासणीला येते, आणि राजद्रोहात शिक्षा भोगलेल्या माणसाकडे लंडनची ज्युरी कशी पाहणार हे कुठल्याही रिपोर्टात छापलेले नव्हते.

इंग्लंडातला नियम इथे जसाच्या तसा चालत नाही, हेही लौकरच कळले होते. रायलंड्स विरुद्ध फ्लेचर हा तिथला गाजलेला खटला लँकशरमधल्या एका गिरणीच्या जलाशयाचा. १८६० मध्ये त्याचे पाणी जुन्या बुजलेल्या विवरांतून शेजारच्या कोळशाच्या खाणीत घुसले. १८६८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने नियम पक्का केला: आपल्या जमिनीवर धोकादायक गोष्ट आणून साठवली आणि ती निसटली, तर निष्काळजीपणा नसला तरी भरपाई द्यावी लागेल. सहाच वर्षांनी प्रिव्ही कौन्सिलपुढे मद्रास रेल्वे आली. कार्वेटिनगरच्या जमीनदाराचे तलाव अतिवृष्टीत फुटले होते आणि रेल्वेचे पूल वाहून गेले होते. रेल्वेने रायलंड्सकडे बोट दाखवले. प्रिव्ही कौन्सिलने मानले नाही. हे तलाव पिढ्यान्‌पिढ्यांचे, शेतीचा आणि लोकांचा जीव त्यांवर. ते राखणे ही जमीनदाराची हौस नव्हे, जबाबदारी आहे. निष्काळजीपणा दाखवा, मग बोलू. लंडनमध्ये बसलेल्या न्यायाधीशांना दुष्काळी मुलखातल्या तलावाचे मोल कळले, हे मान्य करायला हवे.

रायलंड्सला भारतीय कोर्टाने पूर्णपणे बाजूला सारले ते एका वेगळ्या शतकात. दिल्लीच्या श्रीराम कारखान्यातून डिसेंबर १९८५ मध्ये ओलियम वायू गळला. भोपाळच्या वायुगळतीला जेमतेम वर्ष झाले होते. एम. सी. मेहता खटल्यात २० डिसेंबर १९८६ रोजी सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांनी लिहिले की घातक उद्योग चालवणाऱ्याची जबाबदारी संपूर्ण असेल, आणि रायलंड्समधल्या दैवी आपत्तीसारख्या पळवाटा त्याला मिळणार नाहीत. हा निकाल शोधणाऱ्याने इथेच पुस्तक मिटले तर मात्र फसगत होते. १९९१ मध्ये भोपाळच्याच प्रकरणात सुप्रीम कोर्टाने म्हटले की मेहता निकालातला हा भाग प्रासंगिक विवेचन आहे, कारण त्या खटल्यात भरपाईचा आदेश झालाच नव्हता. १९९६ मध्ये, राजस्थानातल्या बिछडी गावच्या प्रदूषणाच्या खटल्यात, दुसऱ्या पीठाने सांगितले की नाही, तो बंधनकारक कायदाच आहे. कोर्टात ‘रूलिंग सापडले’ म्हणून हरखून जाणाऱ्या ज्युनिअरला सीनिअर पहिला प्रश्न विचारतो तो यासाठीच: पुढे त्याचे काय झाले?

साडेतीनशे रुपयांच्या निकालाचे पुढे काय झाले, तेही बघण्यासारखे. उदयपूरच्या कलेक्टरची जीप दुरुस्तीहून परत येताना ड्रायव्हरने एका पादचाऱ्याला उडवले. १९६२ मध्ये विद्यावती खटल्यात सुप्रीम कोर्टाने राजस्थान सरकारकडून पंधरा हजारांची भरपाई कायम केली. स्वतंत्र भारतात राजाचे कवच कशाला, असा त्याचा सूर. तीनच वर्षांत वारे फिरले. अमृतसरच्या एका सराफाचे शंभर तोळ्यांहून अधिक सोने १९४७ मध्ये मीरतच्या पोलिसांनी संशयावरून जप्त केले. मालखान्यातून ते एका हेडकॉन्स्टेबलनेच लांबवले आणि तो पाकिस्तानात पळाला. कस्तुरीलाल विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार या खटल्याचा निकाल लिहिला सरन्यायाधीश पी. बी. गजेंद्रगडकर यांनी. जप्ती हा राज्यकर्त्याचा अधिकार, म्हणून पीकॉक यांच्या विभागणीप्रमाणे भरपाई नाही. सराफ हरला. साताऱ्यात जन्मलेल्या, कामगार कायद्यात उदार म्हणून नावाजलेल्या न्यायमूर्तींना हा निकाल बोचला असावा, कारण याबाबत कायदेमंडळाने कायदा करायला हवा असे त्यांनी निकालातच लिहिले. मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने तर १९५६ च्या आपल्या पहिल्याच अहवालात हेच सुचवले होते. १९६५ आणि १९६७ मध्ये विधेयके मांडली गेली. पोलॉकच्या मसुद्याप्रमाणे तीही कायदा होऊ शकली नाहीत. कोर्टांनी मग मूलभूत हक्कांच्या वाटेने भरपाई देऊन कस्तुरीलालला वळसा घातला.

कस्तुरीलालचा निकाल सप्टेंबर १९६४ चा आणि दाखला मात्र १९६५ चा, हे नवख्याला गोंधळात टाकते. दाखल्यातले वर्ष खंडाचे असते. पुण्याच्या डॉक्टरांना परिचित असलेला जोशी विरुद्ध गोडबोले, मांडीचे हाड मोडलेल्या तरुणावर पुरेशी भूल न देता उपचार केल्याचा आणि तीन हजारांच्या भरपाईचा खटला, मे १९६८ मध्ये निकाली निघाला आणि एआयआर १९६९ मध्ये पान १२८ वर सापडतो. दुसरी खबरदारी हेडनोटची. निकालाच्या डोक्यावर छापलेले ते टिपण संपादकाचे असते, न्यायाधीशाचे नव्हे. त्यावर विसंबून युक्तिवाद करणाऱ्या वकिलाला न्यायमूर्ती मूळ परिच्छेद वाचायला लावतात, आणि तिथे कधी कधी उलटेच निघते.

टॉर्टचे दावे भारतात मुळातच कमी. मागितलेल्या रकमेवर चढणारी कोर्ट फी आणि वर्षानुवर्षांच्या तारखा, ही कारणे नेहमी सांगितली जातात आणि ती खरीही आहेत. रस्त्यावरच्या अपघातांसाठी मोटार अपघात न्यायाधिकरणे आली, सदोष सेवांसाठी १९८६ च्या कायद्याने ग्राहक मंच आले, आणि सामान्य माणसाचा टॉर्ट बहुतांशी तिकडे वळला.

रिपोर्टांचे जगही बदलले. जानेवारी २००८ मध्ये ‘इंडियन कानून’ हे मोफत संकेतस्थळ सुरू झाले आणि ज्याच्याकडे कपाट नाही त्यालाही कस्तुरीलाल वाचता येऊ लागला. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने आपले अधिकृत रिपोर्ट ऑनलाइन खुले केले आणि प्रत्येक निकालाला प्रकाशकाच्या खंड-पानांवर अवलंबून नसलेला स्वतःचा क्रमांक देणे सुरू केले. मुंबई हायकोर्टाच्या निकालांवरही आता असा क्रमांक असतो.

निकालाचा मजकूर नेमका कुणाच्या मालकीचा, हा वाद या सगळ्याच्या थोडा आधी मिटला होता. लखनौची ईस्टर्न बुक कंपनी १९६९ पासून ‘सुप्रीम कोर्ट केसेस’ ही मालिका काढते. तिच्यातला मजकूर उचलून सीडीवर विकल्याचा आरोप ठेवून तिने डी. बी. मोडक आणि इतरांवर खटला भरला. डिसेंबर २००७ मध्ये सुप्रीम कोर्टाने निर्णय दिला: मूळ निकाल सर्वांचा, तो कुणीही छापावा. संपादकाने डोके चालवून केलेली परिच्छेदांची विभागणी आणि कोणता न्यायाधीश कुणाशी सहमत याच्या नोंदी मात्र कंपनीच्या. नुसत्या शुद्धलेखनाच्या आणि मांडणीच्या कष्टांवर हक्क मिळणार नाही. कंपनीने हा अर्धा जिंकलेला, अर्धा हरलेला निकाल आपल्या मालिकेत नेहमीप्रमाणे संपादित करून छापला. त्याचा दाखला आहे २००८, खंड पहिला, एससीसी, पान एक.